शंभरात एकोणीस

हैदराबादच्या बाईंचं पत्र आलं तेव्हा आभा अडीच महिन्यांची होती. दुपारी पाजून तिला झोळीत घातलं होतं, आई पाय पसरून झोळीची दोरी ओढत बसली होती आणि मी तीन दिवसांत पहिल्यांदा केस विंचरायला घेतले होते. तेवढ्यात कॉलेजचा शिपाई दारात उभा.

"गायधनी सरांनी दिलंय."

आई त्याच्याकडे बघून म्हणाली, "तिची रजा हाय ना आजून?"

"मला काय माहीत मावशी. मी फक्त पोचवतो."

"तुझ्या सरांना लेकरं नाय का?"

शिपाई हसला आणि निघून गेला. कागद म्हणजे सरांना आलेली ईमेल होती, छापून काढलेली. वरच्या कोपऱ्यात सरांच्या हिरव्या शाईत दोनच शब्द : 'तृप्ती, बघ.'

हैदराबादच्या एका संशोधन संस्थेतल्या बाईंनी लिहिलं होतं, की तुमचा शोधनिबंध वाचला, सोबत छापलेला तक्ताही घेतला, पण आमच्या हातून शंभरात एकोणीस येत नाहीत, तेरा येतात. तुम्ही कोणत्या पायऱ्यांनी एकोणीसपर्यंत पोचलात ते कळवाल का? म्हणजे आमचं कुठे चुकतं ते आम्हांला समजेल.

भाषा फार नम्र होती. मला मात्र आधी रागच आला.

एकोणीस हा माझा आकडा होता. सुरगाण्याकडचे दोन पाडे, एक माझं माहेर, एक माझं सासर. तिथल्या एकशे चौसष्ट जणांचं रक्त, आणि त्यात सिकलसेलचे एकतीस वाहक. सिकलसेल म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आजार. दोष एकाच बाजूनं, नुसत्या आईकडून किंवा नुसत्या बापाकडून आला, तर माणूस वाहक; तो धडधाकट जगतो. दोघांकडून आला तर लेकरू आजारी. मी वाहक आहे. माझा नवरा दिनेश वाहक नाही, म्हणून आभाला फार तर माझ्यासारखं होईल. माझ्याबरोबर चौथीपर्यंत एका बाकावर बसलेली सविता वाहक, तिचा नवरा नाथाही वाहक. त्यांची नवसा तीन वर्षांची. थंडी पडली की तिची बोटं सुजतात आणि ती कुणाला हात लावू देत नाही, आईलासुद्धा नाही. सविता तिला दोन बस बदलून नाशिकला मोठ्या दवाखान्यात आणते. आणलं की आमच्याच खोलीवर उतरते.

म्हणून त्या एकोणिसाचं मोल होतं. मुंबईची एक संस्था डोंगरपट्ट्यात सिकलसेलचं एक केंद्र उघडून देणार होती : मशीन, ते चालवणारा माणूस, वर्षभराची औषधं. अट एकच, शंभरात पंधराच्या वर वाहक हवेत. सरांनी आमचा निबंध जोडून अर्ज केला आणि केंद्र माझ्या माहेरच्या पाड्याजवळच्या आरोग्य उपकेंद्रात मंजूर झालं. खोलीला चुनासुद्धा लागला होता. सविता मागच्या खेपेला सांगून गेली होती, "आता तुझ्या खोलीवर येनं बंद माझं. तूच ये आमच्याकडं मशीन बघायला."

आणि आता कोणी म्हणत होतं, तेरा.

पायऱ्या कळवा म्हणणं सोपं. त्या कुठे लिहिलेल्याच नव्हत्या. आमच्या लॅबमध्ये कोणाच्याच लिहिलेल्या नसत. प्रत्येक रक्तातल्या डीएनएची तीस जागांवरची अक्षरं एका ओळीत, अशा एकशे चौसष्ट ओळी; त्या मी लिहिलेल्या प्रोग्रॅममधून जायच्या आणि शेवटी आकडे पडायचे. कोणती फाईल आधी, कोणती नंतर, कोणत्या सीडीवर कोणती दुरुस्ती, हे सगळं माझ्या डोक्यात. निबंधात त्याचं एक वाक्य झालं होतं : 'प्रचलित पद्धतीने विश्लेषण केले.'

मी लिहायला बसले. आभा झोपली की चाळीस मिनिटं मिळायची, कधी वीसच. मी सासूबाईंना भाकरी शिकवल्यासारखं लिहायचं ठरवलं होतं. म्हणजे त्यांना सगळं येत असतं आणि तरी त्या प्रत्येक गोष्टीला 'का?' म्हणतात. पहिली पायरी, दुसरी पायरी. चौथ्या पायरीवर आठवलं, फाईलच्या शेवटी एक रिकामी ओळ यायची आणि प्रोग्रॅम अडायचा. ती मी दर वेळी हातानं खोडायची. हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. मलाही ते काम वाटलं नव्हतं, सवय वाटायची. ते लिहिलं. मग तशाच आणखी तीन सवयी सापडल्या. लेकीचं डोकं मांडीवर, डाव्या हातानं तिच्या टाळूवरून फुंकर घातल्यासारखा हात फिरवायचा आणि उजव्या हातानं लिहायचं. त्या दिवसांत मी खुशीत होते, हे कबूल केलं पाहिजे. आपलं काम दुसऱ्या कोणाच्या हाती देता येईल इतकं स्वच्छ करणं म्हणजे काय, हे मला एम.एस्सी.त कोणी शिकवलं नव्हतं.

मग दोन पाजण्यांच्या मधल्या अडीच तासांत रिक्षानं लॅबला गेले. माझ्याच कागदावर बोट ठेवून, जणू मी दुसरीच कोणी आहे असं समजून, एकेक पायरी केली. एकोणीस. दुसऱ्या कॉम्प्युटरवर केली. एकोणीस. ब्लाऊज दुधानं भिजला होता तरी मला तिथून उठवेना. सरांच्या खोलीत डोकावून म्हटलं, "येतात सर. पुन्हा पुन्हा येतात."

"येणारच," सर म्हणाले. "पाठवून दे. आणि घरी जा, बाळ रडत असेल."

मी पायऱ्या पाठवल्या. दोन दिवसांनी सायबर कॅफेत उत्तर वाचलं. बाईंनी आभार मानले होते. तुमच्या पायऱ्यांनी आमच्याकडेही बरोबर एकोणीस आले. फरक कळला : आमचा प्रोग्रॅम मोजण्याआधी हुबेहूब सारख्या ओळी बाजूला काढतो. तुमच्या तक्त्यात अकरा जोड्या तिसाच्या तीस जागी सारख्या आहेत. प्रत्येक जोडीतली एक ओळ 'ए' पाड्याची, दुसरी 'बी' पाड्याची. ही जुळी भावंडं आहेत का?

खाली यादी होती. पहिलीच जोडी ए-४१ आणि बी-१७.

मी यादीकडे बघत बसले. दोन पाड्यांत मिळून एक जुळं मला माहीत होतं, आणि ते अजून रांगत होतं. चूकसुद्धा तितक्याच इमानदारीनं पुन्हा पुन्हा येते, हे तोवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

कॉम्प्युटरमध्ये नावं नव्हती. नाव घालायचं नाही, नंबरच घालायचा, हा सरांचा नियम, आणि तो चांगलाच होता. कोणाच्या पोरीत काय दोष निघाला हे जगाला कशाला? नावं होती हिरामणमामांच्या दोन वह्यांत. हिरामणमामा उपकेंद्रात कामाला, माझ्या आईचे चुलतभाऊ, दोन्ही शिबिरांत रक्त घेणाऱ्या नर्सबाईंशेजारी बसून नळ्यांवर नंबर लिहिणारे. मी उपकेंद्रात फोन केला. सोमवारी सकाळच्या बसनं ते वह्या घेऊन आले. मी आभाला कुशीत बांधून जुन्या सीबीएस बसस्थानकावर गेले.

खताच्या रिकाम्या पिशवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या वह्या मांडीवर घेऊन मामा बाकावर बसले होते. आधी त्यांनी आभाच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं.

"नाक तर बापाचं घिऊन आली गं ही."

"नाक घेऊ दे मामा. रक्त पण त्याचंच घेतलं म्हणजे झालं."

"रंग तुझा हाय मात्र. डांबरी रोड."

"मामा!"

"बरं बरं. बोल, काय वाचू?"

मी नंबर वाचायचा, त्यांनी बोट फिरवत नाव. "ए एकेचाळीस?"

"तृप्ती मंगळू गावित." ते हसले. "तूच की! गडी झाल्यावर बायांत आधी तूच हात पुढं केला नव्हता का? बाया सुईला भेत होत्या म्हनून."

"बी सतरा?"

त्यांनी दुसरी वही काढली, पानं उलटली. "तृप्ती..." ते थांबले. "तृप्ती दिनेश चौधरी."

शेजारी कळवणच्या गाडीची घोषणा झाली, माणसं उठली.

"ए बावन्न?" मी विचारलं.

"सविता झिपरू भोये."

"बी तेवीस?"

"सविता नाथा महाले."

पुढच्या नऊ जोड्या आम्ही वाचल्या, पण वाचायची गरज नव्हती. आमच्या पाड्याच्या पोरी त्या पाड्यात द्यायची जुनी चाल. पहिलं शिबिर दोन हजार तीनच्या दिवाळीनंतर झालं, माहेरी. पहिलटकरणी तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेल्या; त्यांनी रक्त दिलं आणि नर्सबाईंनी नाव विचारल्यावर बापाचं नाव सांगितलं. बापाच्या अंगणात बसून दुसरं कोणाचं सांगणार? ज्यांच्या रक्तात दोष दिसला त्यांना मामांनी सांगितलं, पुन्हा एकदा तपासून घ्यायचं हां. तोवर त्या लेकरं घेऊन सासरी गेल्या. पुढच्या पावसाळ्यात शिबिर सासरच्या पाड्यात झालं. सांगितल्याप्रमाणे त्या शहाण्यासारख्या पुन्हा आल्या, आणि या वेळी नवऱ्याच्या नावानं बसल्या. मीही बसले. लग्नाला चार महिने झाले होते, दिवसभर चुलीपाशी होते, सासूबाई म्हणाल्या तू आधी दे म्हणजे बाकीच्या देतील. दिलं. नंतर नाशिकला येऊन स्वतःच्या रक्ताच्या दोन ओळी मी स्वतःच्या हातानं टाईप केल्या आणि मला ओळख पटली नाही.

"मामा, तुम्ही ओळखलं नव्हतं यांना?"

"ओळखलं की! समद्यांना ओळखलं. सविताला तर म्हनलं पन, पुन्यांदा आली बरं झालं."

"मग लिहिलं का नाही तसं?"

"कुठं लिहू? कागदावर रकानाच नव्हता 'पुन्यांदा'चा. नवी नळी, नवा नंबर, सरांनीच सांगितल्यालं." मग जरा दुखावल्यासारखं म्हणाले, "मला काय ठावं बाय तू मानसं मोजतीस? मला वाटलं, रक्त तपासतीस."

मी यादीतल्या अकरा जोड्यांवर एकेक खूण केली.

"मंग आता?" त्यांनी विचारलं. "मशीन येनार ना?"

"एकशे त्रेपन्न माणसं, वीस वाहक. तेरा होतात मामा. पंधरा पाहिजेत."

मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली. वह्या प्लास्टिकमध्ये गुंडाळत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "उपकेंद्र लय गळतं पावसाळ्यात. कागद भिजत्यात. मागं लसीचं रजिस्टर गेलं, कोनी काय नाय बोललं."

आभा जागी झाली आणि तिनं त्यांचं बोट धरलं. त्यांनी ते सोडवलं नाही. मग दोन्ही वह्या माझ्याकडे देऊन पावणेदोनच्या बसनं गेले. भिजवायच्या की कोरड्या ठेवायच्या, ते माझ्यावर टाकून.

मी त्या सरांकडे नेल्या. चिंतामण गायधनी हा वाईट माणूस नव्हे. सुरगाण्याची पोर म्हणून मला कोणी वसतिगृहात धड खोली देत नव्हतं तेव्हा त्यांनी भांडून मिळवून दिली होती. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं, वह्यांमधली नावं चष्मा कपाळावर चढवून वाचली.

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"मला आणि हिरामणमामांना."

"हैदराबादला लिही, जवळचे नातलग आहेत. मामेबहिणी, मावसबहिणी. पाड्यांतली नाती त्यांना काय कळतायत!"

"सर, तीसच्या तीस जागा जुळतात. सख्ख्या बहिणींच्यासुद्धा जुळत नाहीत एवढ्या."

"मला शिकवू नकोस." मग आवाज उतरवून म्हणाले, "तृप्ती, केंद्र कुठे होतंय? माझ्या गंगापूर रोडच्या बंगल्यात? तुझ्या पाड्यात होतंय. आजार तिथे आहे की नाही?"

"आहे."

"मग तेरा काय न् एकोणीस काय! यादीत पुढचा नंबर पेठकडच्या एका पाड्याचा आहे, शंभरात सोळा. तू पत्र टाकलंस की आठ दिवसांत मशीन तिकडे. तुझ्या त्या मैत्रिणीला सांगशील तू हे?" त्यांनी चष्मा नाकावर घेतला. "आणि तुझी नेमणूक जूनमध्ये वाढवायची आहे, ती कशावर वाढवायची? चुकलेल्या निबंधावर?"

चहावर साय आली होती. मी उठले तेव्हा ते दारापर्यंत आले आणि म्हणाले, "बाळाला सांभाळ. सध्या तेच तुझं काम."

घरी आईला सांगितलं. आई नागलीचं पीठ चाळत होती. तिनं सगळं नीट ऐकलं आणि म्हणाली, "तुझ्या बापाला कोनी दोनदा मोजलं असतं तर दोन घरकुलं भेटली असती. एकदा पन नाय मोजलं त्याला."

"आई, मी काय करू ते सांग."

"गप बस थोडी. मशीन येऊ दे. बसलं की मंग सांग तुझं खरं. बसल्यालं मशीन कोन उपसून नेतंय?"

मी बसले गप. दहा दिवस. हे मी लपवणार नाही. मशीन येईपर्यंत थांबायचं, एवढंच तर करायचं होतं, आणि मला कारणंही होती, कुशीतच होती. पण हैदराबादच्या बाईंना काहीतरी कळवणं भाग होतं, म्हणून एका दुपारी मी पायऱ्यांचा कागद पुन्हा काढला. सातवी पायरी घातली : 'अकरा सारख्या जोड्या तशाच ठेवल्या.' प्रत्येक पायरीपुढे मी 'कारण' म्हणून एक ओळ सोडली होती. सातवीपुढे लिहिलं, जवळचे नातलग. खोडलं. लिहिलं, रक्ताचे नमुने वेगवेगळ्या ठिकाणी घेतले म्हणून. तेही खोडलं. पायानं झोळी हलवत होते. ए-४१ आणि बी-१७ यांना तशाच ठेवायचं कारण मलाच माहीत नव्हतं, तर मी ते दुसऱ्याला काय शिकवणार होते?

आणि तो पेठकडचा पाडा. तिथले सोळा कोणी मोजले मला माहीत नाही. तिथेही कोणाच्या लेकराची बोटं सुजत असतील. तिथली सविता मला दिसत नव्हती, तिचं नाव मला ठाऊक नव्हतं, एवढाच काय तो फरक. एवढ्याशा फरकावर मी दहा दिवस काढले होते.

मी लिहिलं : 'सातवी पायरी. अकरा जोड्यांतली एकेक ओळ काढली. कारण : त्या अकराच बायका आहेत. माहेरी एकदा आणि सासरी एकदा मोजल्या गेल्या. त्यातली एक मी.' नावं दिली नाहीत. पुढच्या शिबिरांसाठी एक ओळ जोडली, की बाईला दोन्ही नावं विचारावीत आणि कागदावर 'पुन्हा' असा रकाना ठेवावा.

शनिवारी दिनेश आश्रमशाळेतून आला. त्यानं कागद वाचला, दोनदा वाचला. तो शिक्षक आहे, त्याला लगेच कळलं.

"पाड्यात तोंड कसं दाखवायचं, विचार केलास?"

"नाही."

"मग बरं." त्यानं आभाला खांद्यावर घेतलं. "जा तू. ही तासभर राहील माझ्याकडे."

सायबर कॅफेतून मी ते हैदराबादला पाठवलं. सरांना पाठवलं. मुंबईच्या संस्थेलाही पाठवलं.

यानंतर जे झालं ते भराभर झालं. निबंध छापणाऱ्या मासिकात चार ओळींची दुरुस्ती आली : 'क्षेत्रसहायकांच्या निष्काळजीपणामुळे' काही नोंदी दुबार झाल्या होत्या. क्षेत्रसहायक म्हणजे हिरामणमामा आणि मी. हिरामणमामांना वरून लेखी विचारणा झाली. निवृत्तीला आठ महिने राहिलेल्या माणसाला, ज्यानं रकाना नसलेल्या कागदावर सांगितलं तेवढंच लिहिलं होतं. माझी नेमणूक जूनमध्ये वाढली नाही. पत्रात लिहिलं होतं, मातृत्वाच्या जबाबदाऱ्या लक्षात घेऊन.

हैदराबादच्या बाईंचं उत्तरही आलं. आता दोन्ही हातांनी एकच येतं, तेरा. इतक्या स्वच्छ पायऱ्या कोणी पाठवत नाही. तुमचा कागद आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना शिकवायला घेतो आहोत, परवानगी असावी. मी ती ओळ चार वेळा वाचली. पाचव्यांदा वाचताना लाज वाटली.

केंद्र पेठकडे गेलं. चुना लावलेल्या खोलीत उपकेंद्रानं फवारणीचे पंप ठेवले.

सविता आली ती नंतरच्या थंडीत. सकाळच्या बसनं. नवसा तिच्या खांद्यावर, हातांना फडकी गुंडाळलेली. आईनं पाणी दिलं, शेक द्यायला मीठ तापवलं. आभा तेव्हा रांगायला लागली होती. ती नवसाकडे बघून टाळ्या वाजवत होती, आणि नवसा तिच्याकडे, आपले हात पोटाशी धरून, मोठ्या बाईसारखी बघत होती. मी आभाला उचलून आत घेतलं.

सवितानं पाणी संपवलं. मग म्हणाली, "हिरामणमामा सांगत होते, तू कागद पाठवला म्हनून मशीन गेलं."

"हो."

"मला नीट सांग. मी आडानी हाय, पन समजल मला. एकोनीस होतो. आता तेरा झालो. मंग सहा कोन मेले?"

"कोणी मेलं नाही सविता. आपण दोनदा मोजल्या गेलो होतो. तू, मी, आणखी नऊ जणी."

"मंग त्या तेरात मी हाय का नाय?"

"आहेस."

"नवसा?"

"तिला शिबिरात मोजलंच नव्हतं. ती तेव्हा पंधरा दिवसांची होती."

"म्हंजे मी हाय." ती मान हलवत म्हणाली, हिशेब लावल्यासारखी. "दोनदा होते तवा मशीन येत होतं. एकदाच हाय, तर नाय."

मी तिला पेठच्या पाड्याचं सांगितलं. तिथे सोळा आहेत, खरे सोळा. तिथल्याही पोरांना दुखतं. ती ऐकत होती, आणि मला माझंच बोलणं सरांच्या निबंधासारखं ऐकू येत होतं. नवसा झोपेत कण्हली. सवितानं तिच्या बोटांवर फुंकर घातली. हात लावला नाही.

"त्यांचं चांगलं होऊ दे," ती म्हणाली. "मी काय वाईट म्हनते का? पन पेठला जायला आमच्याकडून एक पन सरळ गाडी नाय."

दवाखान्याची वेळ झाली. तिनं नवसाला खांद्यावर घेतलं, पिशवी घेतली. मी म्हटलं, मी येते बरोबर. ती नको म्हणाली. उंबऱ्यात थांबली, पिशवी खाली ठेवली आणि उजवा हात कोपरापर्यंत उघडा करून माझ्यासमोर धरला.

"पुन्यांदा मोजायचं झालं तर सांग तृप्ते. म्हनशील तितक्यांदा देते रक्त. फक्त आधी एवढं सांगून ठेव, आता कुन्या नावानं देऊ?"

माझ्या कडेवरून आभानं तिच्या हाताकडे हात पुढे केला. मी तो मागे घेतला.